मनाच्या त्रासासाठी मदत मागायची म्हणजे नेमकं काय करायचं? खास पुरुषांसाठी

"मन मोकळं कर, बरं वाटेल" असं सांगणारे शंभर जण भेटतात. पण मोकळं करायचं म्हणजे कोणाजवळ, कधी, सुरुवात कुठून करायची आणि समोरच्याने "अरे पण झालंय काय?" असं विचारलं तर सांगायचं काय, ह्यातलं काहीच कोणी सांगत नाही. त्यामुळे पुरुषांनी बोलायला पाहिजे वगैरे भाषण इथे देत नाही, ते ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटलेत. मी डॉक्टर नाही, पण मित्रांसोबत, घरच्यांसोबत डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बऱ्यापैकी बसलोय आणि माझं ठाम मत झालंय की बहुतेक पुरुषांची गाडी अडते ती पहिल्या वाक्यावर. ते वाक्य आधी तयार करून ठेवलं की पुढचं बरंचसं होत जातं.

आधी ओळखायचं कसं

डिप्रेशन म्हटलं की डोळ्यासमोर कोपऱ्यात बसून रडणारा माणूस येतो, आणि आपण तर रडत नाही, कामाला जातो, हप्ते भरतो, ग्रुपवर जोक टाकतो, मग आपल्याला कसलं आलंय डिप्रेशन. फसगत होते ती इथेच. पोराच्या हातून साधी पेन्सिल पडली तरी त्याच्यावर खेकसणं. पहाटे तीन-चारला जाग येणं आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहणं. पाठ, मान, डोकं, पोट ह्यातलं काहीतरी सतत दुखणं आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. एकच पेग म्हणता म्हणता रोजचे तीन होणं. गाडी उगाचच बेफाम हाणणं. घरी जायला नको वाटतं म्हणून ऑफिसात बसून राहणं. सेक्सची इच्छाच मरून जाणं, आणि ह्या विषयावर तर अळीमिळी गुपचिळी. सगळ्यात फसवं म्हणजे काहीच न वाटणं, दुःख पण नाही आणि मॅच जिंकली तरी आनंद पण नाही, नुसतं सपाट.

हे डॉक्टरांच्याही लक्षात पटकन येत नाही बरं का. स्वीडनमध्ये गॉटलंड नावाचं बेट आहे, तिथे १९८३-८४ मध्ये फॅमिली डॉक्टरांना डिप्रेशन कसं ओळखायचं, कसं ट्रीट करायचं ह्याचं ट्रेनिंग दिलं. नंतर बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण कमी झाल्या त्या मुख्यतः बायकांच्या, पुरुषांच्या आकड्यात फारसा फरकच पडला नाही. वोल्फगांग रुट्झ आणि त्यांच्या टीमने शोध घेतला तेव्हा दिसलं की हे पुरुष मुळात दवाखान्यात येतच नव्हते, आणि त्यांचा त्रास दिसत होता तो राग, दारू, भांडणं अशा रूपात, म्हणजे ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या लक्षणांच्या यादीत तो बसतच नव्हता. त्यातूनच पुढे पुरुषांच्या डिप्रेशनसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली, गॉटलंड स्केल म्हणतात तिला. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पण असंच काहीतरी सांगतात, डिप्रेशनचं प्रमाण बायकांमध्ये जास्त दिसतं आणि आत्महत्येने जाणाऱ्यांचा दर मात्र पुरुषांमध्ये दुपटीहून जास्त. म्हणजे जो त्रास नोंदला जात नाही तो नाहीच असं समजायचं कारण नाही.

घरबसल्या एक अंदाज घेता येतो. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे, जगभर डॉक्टर वापरतात, नेटवर फुकट मिळते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७ पैकी. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं, "बघू पुढच्या महिन्यात" नाही. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा मेलेलं बरं असं वाटण्याबद्दल आहे, त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज विसरा आणि आजच कोणाशी तरी बोला. आणि उलटं पण लक्षात ठेवा, मार्क कमी आले पण चिडचिड आणि दारू वाढलीये तरी जायचंच, कारण ह्या चाचणीत राग आणि दारूचा प्रश्नच नाहीये.

नुकतेच बाप झालेल्यांसाठी एक वेगळी सूचना. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन फक्त आईलाच होतं असं नाही, साधारण दहातल्या एका बापाला पण त्या काळात होतं. पण सगळं घर आई आणि बाळाभोवती फिरत असतं, मग हा बिचारा झोप नाही म्हणून असेल असं म्हणत रेटत राहतो.

मरायचे विचार येत असतील तर खालचं सगळं नंतर वाचा

आत्ता एकटं राहू नका, एवढंच पहिलं काम. ज्या खोलीत माणूस आहे त्या खोलीत जाऊन बसा, कोणी नसेल तर फोन लावा. हेल्पलाइन भारतात टेली-मानस १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. विचार फार पक्के होत असतील तर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, तिथे "मला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय" एवढं वाक्य पुरतं. ज्या वस्तूने इजा होऊ शकते ती घराबाहेर, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या, दारूला त्या दिवशी अजिबात हात लावू नका. हे असे झटके बरेचदा लाटेसारखे येतात आणि ओसरतात, ती लाट जाईपर्यंत हातात काही नसणं आणि शेजारी कोणीतरी असणं ह्या दोन गोष्टींनी खरोखर जीव वाचतात.

पहिलं कोणाला सांगायचं

सगळ्यांना सांगायची गरज नाही, एकच माणूस बास. आणि तो सगळ्यात जवळचाच असला पाहिजे असंही नाही. ज्याने पूर्वी कधीतरी तुमची एखादी गोष्ट ऐकून ती चार जणांत नेली नाही, तो माणूस. चुलत भाऊ असेल, जुना सहकारी असेल, बहीण असेल, कधी कधी तर सासरेबुवा निघतात. ग्रुपमधला सगळ्यात हसवणारा मित्र मात्र पहिल्या नंबरवर नको, तो घाबरून विनोद करेल आणि तुम्ही परत कवाडं लावून घ्याल. मनात दोन नावं ठेवा, एक पहिलं आणि एक राखीव.

आता वाक्य. समोरासमोर जमत नसेल तर मेसेज टाका, त्यात कमीपणा काही नाही. साधारण असा:

"थोडं बोलायचंय. घाबरण्यासारखं नाही, पण दोन महिने झाले माझं काही बरोबर चाललेलं नाहीये. सल्ला नकोय, नुसतं ऐक. शनिवारी अर्धा तास आहे का?"

ह्यात काय काय आहे बघा. किती दिवसांपासून ते आहे, समोरच्याने काय करायचं ते आहे, आणि वार ठरवलाय. "कधीतरी बसू यार" असं लिहिलं की ते कधीतरी उगवत नाही हे आपल्याला चांगलं माहीत आहे. "सल्ला नकोय" हे तर लिहाच, नाहीतर पुढच्या पाच मिनिटांत सकाळी लवकर उठ, जिम लाव, अमुक व्हिडिओ बघ असा पाढा सुरू होतो. (विचार मरायचे येत असतील तर मात्र "घाबरण्यासारखं नाही" हे खोटं लिहू नका, "आज ये, मला एकट्याला राहायचं नाहीये" असं लिहा.)

भेटल्यावर कारण सांगता आलंच पाहिजे असं अजिबात नाही. बरेच जण इथेच गळपटतात, कारण त्रासाला साजेसं मोठं कारण नसतं, नोकरी ठीक आहे, घरात सगळे ठीक आहेत, मग सांगायचं काय. कारण सोडा, दिवस सांगा. "सकाळी उठून मोजे घालायला वीस मिनिटं लागतात, एक घालतो आणि तसाच बसून राहतो" हे वाक्य "मला लो वाटतंय" पेक्षा दसपट समजतं, शिवाय ते बोलायला सोपं, कारण त्यात भावना शोधत बसावं लागत नाही.

बायकोला किंवा पार्टनरला सांगताना सुरुवातीलाच "हे तुझ्यामुळे नाहीये" असं म्हणा. न म्हटल्यास ती पुढचं सगळं तोच हिशोब करत ऐकणार. मग बहुधा येतो तो प्रश्न "मला आधी का नाही सांगितलंस?" आणि इथे भांडण पेटतं, कारण तो आरोप वाटतो. बहुतेक वेळा तो आरोप नसतो, ती घाबरलेली असते. "मलाच कळत नव्हतं काय होतंय" हे खरं उत्तर आहे, तेवढंच द्या आणि पुढे चला.

आणि समजा उत्तर वाईट आलं. "टेन्शन कोणाला नाही रे?" "तुला काय कमी आहे?" "मर्द बन जरा." लागतं मनाला, पण त्यावरून मदत मागणंच चुकलं असा निष्कर्ष काढू नका, माणूस चुकला, राखीव नाव काढा. आणि दुसरं नाव पण नसेल तर घरच्या-मित्रांची पायरी सोडून थेट डॉक्टर, चालतं की.

डॉक्टर कोणते आणि तिथे बोलायचं काय

ह्यात गोंधळ फार होतो म्हणून सरळ सांगतो. सायकायट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, तो निदान करतो आणि औषधं लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतो, चाचण्या घेतो, औषधं साधारणपणे लिहीत नाही. काउन्सेलर कोणीही स्वतःला म्हणवून घेतं, त्यामुळे शिक्षण काय, कुठे काम केलंय हे विचारायचं, विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही. ह्यातलं काहीच ठरत नसेल तर आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर ही उत्तम सुरुवात आहे, तो पुढे पाठवेल. गुडघ्यासाठी जसं जातो तसंच जायचं, त्यात वेगळं काही वाटून घ्यायचं नाही म्हणतात सगळे, पण वेगळं वाटतंच, तर वाटू द्या आणि जा.

पुरुषांची दवाखान्यातली एक सवय अगदी ठरलेली. आत जातात, ॲसिडिटी सांगतात, गोळी लिहून घेतात, उठतात, आणि दाराच्या हँडलला हात लावल्यावर मागे वळून "अजून एक, झोप जरा कमी झालीये हल्ली." तोपर्यंत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची बेल मारलेली असते. जे हँडलपाशी बोलणार आहात ते खुर्चीत बसल्या बसल्या बोला. वाक्य हे असं, हवं तर फोनमध्ये लिहून तेच वाचून दाखवा:

"डॉक्टर, दोन महिन्यांपासून झोप मोडतेय, चिडचिड खूप होते आणि कशात मन लागत नाही. हे डिप्रेशन किंवा अँग्झायटी असू शकतं का, ते बघायचंय."

सोबत एक कागद ठेवा. कधीपासून, झोप किती तास, वजन कमी-जास्त झालं का, दारू-सिगारेट किती, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, घरात कोणाला असा त्रास होता का, आणि मरायचे विचार आले का, आले असतील तर शेवटचे कधी. दारूचा आकडा खरा सांगा. बहुतेक जण अर्धा करून सांगतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून ओरडतात. दारू स्वतःच मेंदूला मंद करते, तिने झोप पटकन लागते पण रात्रीच्या दुसऱ्या भागात मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची धडधड वेगळीच.

रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर "मन दुखतंय, रक्त कशाला" असं म्हणू नका. थायरॉइड कमी झालं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन खाली गेलं, टेस्टोस्टेरॉन बरंच कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. झोपेत जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर तेही सांगा, स्लीप ॲप्नियामुळे दिवसभर थकवा आणि चिडचिड राहते आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

औषधांबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त जण मधून पळतात

डिप्रेशनसाठी बरेचदा एसएसआरआय गटातली गोळी सुरू करतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकं जड, झोप इकडची तिकडे, थोडी बेचैनी असं होऊ शकतं आणि फायदा मात्र अजून दिसत नसतो, तो दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर, हे माहीत नसेल तर माणूस दहाव्या दिवशी पाकीट कचऱ्यात टाकतो. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी फारच वाढली किंवा मरायचे विचार वाढले तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन. ह्या गोळ्यांची चटक लागते अशी भीती पण खूप जणांना असते, दारू-सिगारेटसारखी तलफ ह्यांची लागत नाही. पण अचानक बंद केल्या तर चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, भयंकर चिडचिड असं होतं, म्हणून त्या हळूहळू कमी करत थांबवायच्या असतात. बरं वाटायला लागलं की लगेच बंद नाही, साधारणपणे त्यानंतरही किमान सहा महिने चालू ठेवतात.

आता तो मुद्दा ज्यावर कोणी तोंड उघडत नाही. ह्या गोळ्यांनी काही जणांची सेक्सची इच्छा कमी होते, वीर्यपतन फार उशिरा होतं किंवा होतच नाही. पुरुष हे डॉक्टरांना सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात आणि "मला औषधं सूट होत नाहीत" असं जाहीर करतात. अरे सांगा की. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, ज्यांच्यात हा त्रास कमी आहे अशी औषधं आहेत. डॉक्टरांनी हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. "गोळीमुळे सेक्समध्ये अडचण येतेय, पर्याय आहे का?" झालं, संपलं.

थेरपी म्हणजे सोफ्यावर झोपून बालपण सांगणं असतं का

नसतं बहुतेक वेळा. साधारण पाऊण ते एक तास, दोन खुर्च्या, आणि पहिल्या सेशनला तर नुसते प्रश्नच असतात. सीबीटी नावाची पद्धत बरेच जण वापरतात, ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली, आणि माझ्या मते "मला ते भावना वगैरे जमत नाही" म्हणणाऱ्यांना ती चांगली पचते, कारण त्यात गृहपाठ असतो. कुठल्या प्रसंगी डोक्यात काय विचार आला, त्यासाठी पुरावा काय, उलट पुरावा काय, असं चक्क तक्ता करून लिहायचं. सहा ते वीस सेशनच्या आसपास प्रकरण चालतं. तुम्ही बोललेलं बाहेर जात नाही, अपवाद म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि हे नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या. तीन-चार सेशन झाले तरी सूर जुळत नाहीये असं वाटलं तर तोंडावर सांगा किंवा थेरपिस्ट बदला, त्यांना वाईट वाटेल म्हणून चालू ठेवायचं नसतं. ऑनलाइन सेशन घेणार असाल तर दार बंद होणारी खोली बघा, नाहीतर पार्किंगमधली गाडी, बरेच जण तिथूनच बोलतात.

ऑफिसात सांगायचं की नाही ह्याचं एकच उत्तर नाही. सुट्टी हवी असेल तर "तब्येतीचा इलाज चालू आहे, गुरुवारी अपॉइंटमेंट आहे" एवढं बास, आजाराचं नाव सांगायला लागेल असं सहसा नसतंच.

तो माणूस तुम्ही नसून तुमचा मित्र असेल तर

दोनदा विचारा. "कसा आहेस?" ला "मजेत" हे उत्तर सवयीने येतं, मग थोडं थांबून "नाही, खरंच कसा आहेस, हल्ली गप्प असतोस" असं परत विचारा. समोर बसवून डोळ्यात डोळे घालून विचारू नका, चौकशी चालल्यासारखं वाटतं. गाडीत शेजारी बसून, चालता चालता, काहीतरी दुरुस्त करताना पुरुष जास्त बोलतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' सुरू झाल्या त्या ह्याच धोरणावर, पुरुष एकत्र जमून सुतारकाम वगैरे करतात आणि हात कामात असताना बोलणं आपसूक निघतं, नंतर त्या बऱ्याच देशांत पसरल्या.

शंका आली तर सरळ विचारा, "मरायचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, अभ्यासांत हे तपासून झालंय, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर "असं बोलू नकोस, पोरांचा विचार कर" हे नको, तो तेच करून करून थकलेला असतो. "बरं झालं सांगितलंस, मी इथेच आहे" म्हणा, त्याला एकटं सोडू नका आणि वरची हेल्पलाइन तुम्हीच लावून द्या. आणि "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली तर ती पाळायची नाही, तसं त्याला स्पष्ट सांगा.

परिस्थिती एवढी गंभीर नसेल तर त्याचं काम वाटून घ्या. "डॉक्टरांना भेट" असं सांगून सुटू नका, नंबर शोधून द्या, त्याच्या समोर अपॉइंटमेंट घ्या. आदल्या रात्री मेसेज टाका की उद्या साडेचारला येतोय न्यायला. सोबत जा, बाहेर बसा, आत बोलावलं तरच आत. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते उकरून काढू नका, पुढची तारीख कधीची मिळाली तेवढं विचारा आणि ती स्वतःच्या फोनमध्ये पण टाकून ठेवा.